सोन्याच्या शोधात दिसलेले पाणी

जगातील बहुतेक प्रसिद्ध स्थळांपर्यंत आता डांबरी रस्ता पोहोचला आहे. रस्त्यामागून वाहनतळ येतो, वाहनतळामागून दुकाने येतात आणि काही वर्षांतच मूळ स्थळ त्या गर्दीत शोधावे लागते. दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला या देशात मात्र एक स्थळ असे आहे, की जगातील सर्वांत उंच धबधबा म्हणून त्याची ख्याती असूनही तेथे आजतागायत रस्ता गेलेला नाही. तेथे जाणाऱ्याला आधी लहान विमानात बसावे लागते, मग लाकडी होडीत, आणि शेवटची चढण जंगलातून पायी चढावी लागते. इंग्रजीत त्याला एंजल फॉल्स म्हणतात, स्पॅनिशमध्ये साल्तो आंखेल. त्या अरण्यात पिढ्यानपिढ्या राहणारे पेमोन आदिवासी त्याला केरेपाकुपाई मेरू म्हणतात. सर्वांत खोल जागेचा धबधबा, असा त्या नावाचा अर्थ आहे.

या धबधब्याची एकूण उंची ९७९ मीटर आहे. त्यातील ८०७ मीटर पाणी कोठेही न टेकता सरळ खाली येते. गिरसप्पाचा धबधबा पाहिलेल्यांना याची कल्पना लवकर येईल. शरावती नदी तेथे २५३ मीटर खाली उडी घेते. तसे जवळपास चार गिरसप्पा एकावर एक रचले, म्हणजे ही उंची होते. ज्या घरांतील नातवंडांनी २००९ साली आलेला ‘अप’ हा चित्रपट पाहिला आहे, त्यांनी याच धबधब्यावरून सुचलेले चित्र पडद्यावर पाहिले आहे. फुग्यांना बांधलेले घर घेऊन एक वृद्ध गृहस्थ ज्या धबधब्याकडे निघतो, त्याचे मूळ येथे आहे.

प्रवासाची सुरुवात बहुधा ओरिनोको नदीच्या काठावरील सिउदाद बोलिव्हार किंवा पुढच्या पुएर्तो ओर्दास या शहरातून होते. सिउदाद बोलिव्हारच्या विमानतळासमोर एक जुने, पत्र्याच्या अंगाचे विमान ठेवलेले आहे. त्याची हकिकत पुढे येईल. प्रवाशाला ज्यात बसायचे असते, ते विमानही आकाराने फार मोठे नसते. एका इंजिनाच्या सेस्ना विमानात वैमानिकासह पाच-सहा माणसे कशीबशी मावतात. येथे सामानाबरोबर माणसाचे वजनही महत्त्वाचे. कोणी पुढे बसायचे आणि कोणी मागे, हे तिकिटावर अवलंबून नसते, वजनावर अवलंबून असते. आयुष्यभर माल तोलून देणाऱ्या व्यापाऱ्यालाही येथे एकदा स्वतः काट्यावर उभे राहावे लागते.

उड्डाण सुमारे तासाभराचे असते. लहान विमान ढगांच्या फार वर जात नाही, त्यामुळे खालचा प्रदेश नकाशासारखा उलगडत जातो. प्रथम कोरडी माळराने लागतात. नंतर गुरी धरणाचा अफाट जलाशय येतो, आणि त्यात बुडालेल्या टेकड्यांचे माथे शेकडो बेटांसारखे दिसतात. या जलाशयाकडे प्रवासी सहसा एक सुंदर दृश्य म्हणून पाहतो आणि विसरतो. वास्तविक या साऱ्या प्रवासाचा अर्थ त्या पाण्यात आहे. जलाशय मागे पडला, की हिरवे अरण्य सुरू होते आणि त्यातून तेपुई डोके वर काढतात. तेपुई म्हणजे सपाट माथ्याचे पर्वत. पाचगणीचे टेबललँड ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी तोच सपाट माथा मनात धरावा. मात्र त्याच्या कडा शेकडो मीटर उभ्या कापलेल्या आणि पायथ्याशी न संपणारे जंगल, असे त्याचे रूप कल्पावे. या पर्वतांचा वालुकाश्म दीडशे कोटी वर्षांहून जुना आहे. हिमालय त्यांच्यापुढे कालचा म्हणावा लागेल.

विमान उतरते ते कानाइमा या गावी. कानाइमा राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९६२ साली झाली आणि १९९४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळांच्या यादीत घेतले. उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ३० हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास एक दशांश. गावाशेजारी काराओ नदी अनेक धारांनी एका सरोवरात कोसळते. सरोवराच्या काठाला गुलाबी छटेची वाळू आहे आणि पाण्यातच ताडाची झाडे उभी आहेत. पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा तांबूस असतो. तो मळ नव्हे. कुजलेल्या पानांतून आणि सालींतून उतरणाऱ्या टॅनिनमुळे पाण्याला हा रंग येतो, आणि चहालाही रंग देणारे द्रव्य याच जातीचे असते. सरोवराजवळच्या साल्तो सापो या धबधब्यामागून वाट जाते. अंगावर पाण्याचा मारा घेत, कड्याला हात लावून प्रवासी त्या पडद्याच्या मागून पलीकडे निघतो.

कानाइमात राहणे म्हणजे वाहतूकखर्चाचा धडा आहे. गावाला रस्ता नाही, त्यामुळे पीठ, साखर, इंधन, औषधे, होडीच्या यंत्राचे सुटे भाग, सारे विमानातून येते. प्रत्येक किलोवर भाड्याचा बोजा चढतो. शहरात जी वस्तू किरकोळ भावात मिळते, ती येथे महाग पडते, आणि त्याबद्दल दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नसतो. येथील पेमोन लोक स्थानिक अन्नावर भागवतात ते याच कारणाने. त्यांचे मुख्य अन्न कासावाच्या कंदाची पातळ, कडक भाकरी. आपल्याकडे साबुदाणा ज्या कंदापासून करतात, तोच हा कंद. मात्र त्याच्या कडू जातीत विषारी रस असतो. पेमोन स्त्रिया तो कंद किसतात, विणलेल्या लांब नळीत भरून ताणून पिळतात, विषारी रस काढून टाकतात आणि राहिलेल्या चोथ्याची भाकरी भाजतात. ही पद्धत कोणत्याही प्रयोगशाळेआधी कित्येक पिढ्या ठाऊक होती.

एवढे जाणणाऱ्या लोकांना आपल्या अरण्यातला सर्वांत मोठा धबधबा ठाऊक नसेल, असे मानणे हास्यास्पद होते. तरीही बाहेरच्या जगाने त्याला नाव दिले ते एका परक्या वैमानिकाचे.

जिमी एंजल हा अमेरिकेतील मिसूरी राज्यात १८९९ साली जन्मलेला वैमानिक. भाड्याने विमान उडवावे आणि जेथे पैसा दिसेल तेथे जावे, असा त्याचा व्यवसाय होता. त्याची एक गोष्ट तो स्वतः सांगत असे. एका वृद्ध सोने शोधणाऱ्याने त्याला भाड्याने घेऊन या प्रदेशातील एका पर्वतमाथ्यावर उतरवले आणि तेथील ओढ्यातून थोड्या वेळात पुष्कळ सोने गोळा केले. पुढे तो वृद्ध वारला आणि पर्वत कोणता, हे एंजलला पुन्हा ओळखता आले नाही. ही गोष्ट कितपत खरी, हे तपासायला साक्षीदार उरला नव्हता. पण तिच्या भरवशावर त्याने आपली पुढची वर्षे खर्ची घातली. नोव्हेंबर १९३३ मध्ये अशाच एका शोधफेरीत, औयान-तेपुई या पर्वताच्या दरीत, त्याला तो धबधबा दिसला. औयान-तेपुई या नावाचा अर्थ सैतानाचा पर्वत.

धबधबा पाहून एंजल थांबला नाही, कारण तो पाण्यासाठी आला नव्हता. ९ ऑक्टोबर १९३७ रोजी पत्नी आणि आणखी दोन सोबती यांच्यासह त्याने आपले फ्लेमिंगो जातीचे विमान त्या पर्वताच्या माथ्यावर उतरवले. वरून घट्ट दिसणारी जमीन दलदलीची निघाली. चाके रुतली आणि विमान पुन्हा उडण्याची आशा संपली. चौघे जण कडे उतरत, जंगल तुडवत अकरा दिवसांनी कामाराता या पेमोन वस्तीपर्यंत जिवंत पोहोचले. सोने मिळाले नव्हते. ताळेबंदात केवळ खर्चाची बाजू भरली होती. मात्र या अपघाताच्या बातमीने धबधबा जगाला माहीत झाला आणि त्याला त्या वैमानिकाचे नाव चिकटले.

त्याचे विमान त्या माथ्यावर तेहेतीस वर्षे पडून होते. १९७० साली व्हेनेझुएलाच्या वायुदलाने ते हेलिकॉप्टरने सुटे करून खाली आणले. सिउदाद बोलिव्हारच्या विमानतळासमोर ठेवलेले विमान तेच. एंजल १९५६ साली पनामात वारला आणि १९६० साली त्याच्या अस्थी त्याच धबधब्यावर विखुरण्यात आल्या. धबधब्याची उंची १९४९ मध्ये अमेरिकन वार्ताहर रूथ रॉबर्टसन यांच्या मोहिमेने मोजली. ती मोहीम होडीने नदीवर चढून धबधब्याच्या पायथ्याशी गेली होती, आणि आजचा प्रवासी साधारण त्याच वाटेने जातो. २००९ साली तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ यांनी धबधबा त्याच्या मूळ पेमोन नावानेच ओळखला जावा, अशी भूमिका जाहीर केली. जुने नाव कागदावर परत आले, परंतु जगाच्या तोंडी एंजलचेच नाव राहिले.

कानाइमाहून धबधब्याकडे नेणाऱ्या होडीला कुरियारा म्हणतात. एकाच मोठ्या झाडाचे खोड कोरून ती करतात. आत आडव्या फळ्यांवर दोन-दोन माणसे बसतात. मागच्या टोकाला यंत्र सांभाळणारा नावाडी असतो आणि पुढच्या टोकाला हातात वल्हे घेऊन दुसरा. या दुसऱ्याचे काम वाचनाचे असते. पाण्याचा रंग, भोवऱ्याची दिशा आणि फेसाची रेघ पाहून खाली खडक कोठे आहे, हे तो ओळखतो आणि हाताच्या खुणेने मागच्याला कळवतो. यंत्राच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून सारा व्यवहार खुणांनी चालतो. दोघांपैकी एकाची नजर चुकली, तर होडी खडकावर आदळते. प्रवाशांच्या जिवाची हमी या दोन पेमोन माणसांच्या परस्परविश्वासावर उभी असते, आणि त्यासाठी लेखी करार कोठेही नसतो.

पहाटे निघालेली होडी काराओ नदीवर प्रवाहाविरुद्ध चढू लागते. मायुपा येथे पाण्याचा वेग इतका असतो, की प्रवाशांना उतरवून काठाच्या गवताळ माळावरून सुमारे अर्धा तास चालवतात आणि रिकामी होडी खळखळाटातून वर नेतात. ओझे कमी केल्यावरच कठीण जागा पार होते, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पुढे नदी उजव्या-डाव्या वळणांनी अरण्यात शिरते. काही तासांनी चुरून ही लहान नदी येऊन मिळते आणि होडी तिच्यात वळते. चुरून अरुंद आणि उथळ आहे. दोन्ही बाजूंना औयान-तेपुईच्या भिंती उभ्या राहतात आणि त्यांवरून नाव नसलेल्या कितीतरी धारा लोंबत असतात. पाऊस केव्हाही येतो, अंगावरचे कपडे तसेच वाळतात आणि पुन्हा भिजतात. सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेले नसेल, तर मुक्कामाला कोरडे काहीही राहत नाही. एकूण चार तास तरी लागतात. पाणी कमी असेल, तर प्रवाशांनाच खाली उतरून होडी ढकलावी लागते.

मुक्काम धबधब्यासमोरच्या काठावर असतो. पत्र्याचे छप्पर, खाली ओळीने बांधलेले झोपाळे आणि त्यांवर मच्छरदाण्या, एवढीच व्यवस्था. संध्याकाळी पुरीपुरी नावाचे बारीक माशीसारखे कीटक चावतात. नाव ऐकून मराठी माणसाला हसू येते, ते पहिला चावा बसेपर्यंत टिकते. नदी ओलांडून पलीकडे गेले, की तासाभराची चढण लागते. झाडांची मुळे वाटेवर पायऱ्यांसारखी पसरलेली असतात आणि त्यांवर सतत शेवाळ असते. चढणीच्या शेवटी लाइमे यांच्या नावाचा कडा येतो. आलेक्सांद्र्स लाइमे हे लाटव्हियातून आलेले शोधक, रॉबर्टसन यांच्या मोहिमेचे वाटाडे. त्या कड्यावरून धबधबा संपूर्ण दिसतो.

प्रथमदर्शनी उंचीचा अंदाज येत नाही, कारण तुलनेला जवळ काही नसते. हळूहळू लक्षात येते, की वरून सुटलेले पाणी खाली पोहोचायला बराच वेळ घेते. धार मध्येच तुटते, वाऱ्याने बाजूला जाते, धुके होते आणि पुन्हा खाली एकत्र येते. कोरड्या ऋतूत तर पुष्कळसे पाणी जमिनीला लागण्याआधीच हवेत विरून जाते. ढग खाली असतील, तर प्रवासी दोन दिवसांची यातायात करून केवळ पांढरा पडदा पाहतो आणि परततो. अशी परतफेड नसलेली फेरीही या प्रवासात गृहीत धरावी लागते.

या पाण्यामागे बर्फ नाही, मोठे सरोवर नाही. सुमारे ७०० चौरस किलोमीटरच्या त्या पर्वतमाथ्यावर जो पाऊस पडतो, तो दगडाच्या भेगांत आणि दलदलीत साठतो व काठाकडून बाहेर पडतो. पावसाचे एक वर्ष कमी गेले, तर धबधबा क्षीण होतो. पाऊस आला, की पुन्हा भरतो. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर मुद्दल पर्वताचे आणि पाणी हे त्याचे व्याज. मुद्दलाला हात लागला नाही, तर व्याज दरवर्षी येत राहते.

ते व्याज कोठे जमा होते, याचे उत्तर विमानातून दिसलेल्या जलाशयात आहे. धबधब्याचे पाणी चुरूनमध्ये, चुरूनचे काराओमध्ये आणि काराओचे कारोनी नदीत मिळते. कारोनीवर गुरीचे धरण आहे. तेथील वीज प्रकल्पाची क्षमता १०,२३५ मेगावॉट आहे. आपल्या कोयना प्रकल्पाची १,९६० मेगावॉट, म्हणजे गुरी पाच कोयनांहून मोठा. व्हेनेझुएलाची निम्म्याहून अधिक वीज या एका नदीवर अवलंबून आहे. २०१६ साली दुष्काळाने गुरीचा जलाशय खाली गेला, तेव्हा वीज वाचवण्यासाठी सरकारी कर्मचाऱ्यांना आठवड्यातून दोनच दिवस कामावर बोलावण्याची पाळी आली. मार्च २०१९ मध्ये या प्रकल्पाशी जोडलेल्या यंत्रणेत बिघाड झाला आणि जवळजवळ सारा देश अनेक दिवस अंधारात गेला. रुग्णालये, पाणीपुरवठा, दुकानांतील शीतपेट्या, सारे बंद पडले. खनिज तेलाच्या साठ्यांत जगात अग्रक्रमाने मोजला जाणारा देश आपल्या घरांतील दिव्यांसाठी या अरण्यातील पावसाचा आश्रित आहे.

आणि याच अरण्याच्या पोटात सोने आहे. जिमी एंजलला मिळाले नाही म्हणून ते नव्हते, असे नाही. २०१६ साली व्हेनेझुएलाच्या सरकारने ओरिनोकोच्या दक्षिणेचा सुमारे १ लाख १२ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा खाणकामासाठी जाहीर केला. कानाइमा उद्यान या पट्ट्याबाहेर असले, तरी नदीला कागदावरची रेघ दिसत नाही, आणि सोन्याच्या मागे लागलेल्या माणसालाही ती दिसत नाही. उद्यानाच्या हद्दीतही बेकायदा खाणी सुरू झाल्याचे वारंवार उघड झाले आहे. काठावरची माती पाण्याच्या जोरदार झोताने फोडतात, गाळ चाळतात आणि सोन्याचे कण पकडण्यासाठी पारा वापरतात. पारा सोन्याला चिकटतो. मग तो गोळा तापवला, की पारा वाफ होऊन हवेत जातो आणि सोने मागे उरते. हवेत गेलेला पारा पावसाबरोबर परत खाली येतो, नदीतल्या माशांत साठतो आणि मासे खाणाऱ्या कुटुंबांच्या शरीरात उतरतो. गर्भातल्या मुलाच्या मेंदूलाही त्याची इजा पोहोचते. खाणीतून सुटलेला गाळ प्रवाहाबरोबर धरणांकडे जातो, ते वेगळेच.

या खाणींत पेमोन लोकही उतरले, ही गोष्ट दूर बसून त्यांना दोष देण्याची नाही. २०१३ नंतर देशाची अर्थव्यवस्था कोसळत गेली, चलनाची किंमत राहिली नाही आणि परदेशी प्रवासी येईनासे झाले. होड्या काठाला बांधून पडल्या. ज्या माणसाला खडक वाचता येत होते, वाट दाखवता येत होती, त्याच्या कौशल्याला गिऱ्हाईक उरले नाही. विमानाने येणारे पीठ मात्र त्याला रोज विकत घ्यावे लागत होते. अशा वेळी शेजारच्या नदीतील सोन्याचा एक ग्रॅमही कुटुंबाला काही दिवस पोसत असेल, तर उपाशी बापाला नदीचे दीर्घकालीन हित कोण सांगणार? काहींनी खाणीची वाट धरली, काहींनी तिला विरोध केला आणि एकाच समाजात त्यावरून दुफळी पडली. प्रवासी आले, की होडी चालते. होडी चाललेल्या घरातल्या माणसाला नदी फोडण्याची निकड कमी भासते. त्या भागाचे अर्थशास्त्र इतके साधे आहे.

हिशेब मांडला, तर सोने एकदाच निघते. ते काढून झाले, की खड्डा आणि पारा मागे उरतो. नदी मात्र दरवर्षी पाणी देते, वीज देते, मासे देते आणि नावाड्याला मजुरीही देते. पिढीजात पेढी चालवणारा कोणताही व्यापारी मुद्दल विकून दिवाळीचा खर्च भागवत नाही. राष्ट्रांना आणि बाजारांना मात्र हा नियम आठवणीत ठेवणे कठीण जाते.

या बाजारात भारताचे स्थान लहान नाही. जगात सोन्याची सर्वाधिक मागणी असलेल्या दोन देशांत आपली गणना होते, आणि या सदराच्या अनेक वाचकांच्या घरी सराफीची पेढी आहे. २०२१ पासून आपल्याकडे दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाला. दागिन्यावरचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक पाहून त्याची शुद्धता पडताळता येते. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. तरीही तो क्रमांक सोने किती कॅरेटचे, एवढेच सांगतो. ते कोणत्या नदीच्या काठून निघाले, त्यासाठी पारा वापरला का, कोणाच्या हद्दीतले अरण्य फोडले, हे तो सांगत नाही. सोन्याचा स्वभावच असा, की एकदा मुशीत वितळले, की त्याला गाव राहत नाही. कानाइमाचे सोने कोणाच्या दुकानात आहे, असा आरोप कोणावरही करता येणार नाही. तसेच ते कोणाच्याच दुकानात नाही, अशी ग्वाहीही देता येणार नाही. जुने दागिने वितळवून केलेले सोने किंवा जबाबदार स्रोताचे प्रमाणपत्र असलेले सोने वेगळे ठेवण्याची सोय व्यापारात आता उपलब्ध आहे. गिऱ्हाईक विचारत नाही, तोवर मात्र तिचा खर्च कोणी सोसत नाही. घाऊक विक्रेत्याकडे ही विचारणा सराफाने आधी केली, तर गिऱ्हाइकाला देण्यासाठी त्याच्याकडे उत्तर असेल.

ज्यांना हा प्रवास प्रत्यक्ष करण्याची इच्छा होईल, त्यांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. भारतातून तेथे थेट विमान नाही आणि त्या देशातील परिस्थिती बदलती असते, त्यामुळे निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना पाहणे अगत्याचे आहे. व्हेनेझुएला पीतज्वराच्या प्रदेशात मोडतो. तेथून परतणाऱ्याला भारतात पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. होड्या चालतात त्या साधारण जून ते नोव्हेंबर या पावसाच्या महिन्यांत. हा काळ बराचसा चातुर्मासाशी जुळतो. त्यामुळे कार्तिकी पौर्णिमेनंतर निघणाऱ्यांनी चुरूनमध्ये पाणी किती आहे, हे आधी विचारून घ्यावे. मुक्कामावर विस्तवाभोवती कोंबडी भाजण्याचीच रीत आहे. शाकाहारी मंडळींनी नोंदणी करतानाच भात, घेवडा, केळी आणि मक्याची जाड भाकरी मागून घ्यावी, आणि कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी कासावाची भाकरी टाळून खाकरे, दशम्या बरोबर ठेवाव्यात. विमानात वजनाची मर्यादा असते, हे खाकरे बांधतानाही विसरू नये.

आणखी एक गोष्ट पैशांच्या बाबतीत. दूरच्या दलालाला दिलेल्या रकमेतील किती हिस्सा नावाड्यापर्यंत पोहोचतो, हे प्रवाशाला कळत नाही. म्हणून कानाइमातील पेमोन कुटुंबे स्वतः चालवतात, अशा निवासाची आणि होडीची चौकशी करावी. वाटाड्याला आणि नावाड्याला त्यांचे मोल हातात द्यावे, घासाघीस करू नये. त्या अरण्यात नदीच्या बाजूने उभे राहायला माणसे हवी असतील, तर नदीवर त्यांचे पोट चालले पाहिजे.